फाइल उडवण्याआधी

सी भाषेत फाइल उडवायला एक ओळ पुरते. अनलिंक या सिस्टिम कॉलला फाइलचा पाथ द्यायचा, उलट शून्य आलं की काम फत्ते. ही समजूत किती महागात पडते हे मी जवळून पाहिलं आहे. सिस्टिम प्रोग्रॅमिंगकडे नव्यानं वळणाऱ्यांनी ते आधीच जाणून घ्यावं, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या एका लिनक्स सर्व्हरवर जुने लॉग साफ करणारा छोटासा सी प्रोग्रॅम रोज रात्री क्रॉनमधून चालायचा. एका रात्री डिस्क पूर्ण भरली आणि डेटाबेसनं नव्या नोंदी घेणं बंद केलं. साफसफाईचा अहवाल बघावा तर सगळं आलबेल: फाइली डिलीट झाल्या, एरर एकही नाही. फोल्डरमध्येही त्या खरोखरच नव्हत्या. ‘डीयू’ सांगत होतं की फोल्डर जवळजवळ रिकामं आहे. ‘डीएफ’ सांगत होतं की डिस्कवर जागा नाही. आणि दोन्ही कमांडचं बरोबर होतं.

युनिक्समध्ये फाइलचं नाव फोल्डरमध्ये असतं. तिची मालकी, परवानग्या आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे याची नोंद आयनोडमध्ये असते. अनलिंक फोल्डरमधलं नाव काढतं आणि आयनोडवरची लिंकची संख्या एकानं कमी करतं. ती शून्यावर आली आणि कुठल्याही प्रोसेसनं फाइल उघडी धरलेली नसली, तरच जागा मोकळी होते. आमची लॉग लिहिणारी सर्व्हिस रोज नवी फाइल उघडत होती, पण जुन्या बंदच करत नव्हती. ‘एलएसओएफ’ चालवल्यावर ‘डिलीटेड’ असा शेरा असलेल्या फाइलींची लांबलचक यादी समोर आली. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि क्षणात डिस्क मोकळी झाली.

तेव्हा चालू सर्व्हिसचा लॉग परस्पर उडवू नका. आधी त्याचं नाव बदला, सर्व्हिसला सिग्नल देऊन नवी फाइल उघडायला लावा, मग जुनी काढा. ‘लॉगरोटेट’ हे काम नीट करतं. ते असताना स्वतःचं घोडं पुढे दामटू नका. याच रचनेचा एक फायदाही आहे. हवी असलेली फाइल चुकून उडाली आणि एखाद्या प्रोसेसकडे ती अजून उघडी असली, तर ती प्रोसेस मारू नका. ‘प्रॉक’मधल्या त्या प्रोसेसच्या ‘एफडी’ फोल्डरमधून मजकूर कॉपी करून घेता येतो.

परवानग्यांबाबतही अनेकांची गफलत होते. फाइल रीड-ओन्ली केली म्हणजे ती सुरक्षित झाली असं नाही. डिलीट करायला राइटची परवानगी लागते ती फोल्डरवर, फाइलवर नव्हे. ‘टीएमपी’सारख्या सामायिक फोल्डरला स्टिकी बिट लावतात ते म्हणूनच.

अनलिंकनं उणे एक परत केलं, तर ‘एररनो’ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. फाइल मुळातच नसेल तर बहुधा चिंता नाही. परवानगी नाकारली असेल तर ते लॉगमध्ये आलंच पाहिजे. ‘आधी स्टॅटनं फाइल तपासतो, मग उडवतो’ ही पद्धतही भरवशाची नाही. तपासणं आणि उडवणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा कुणी पाथमधल्या फोल्डरच्या जागी सिमलिंक ठेवू शकतो, आणि तुमचा प्रोग्रॅम रूट म्हणून चालत असेल तर भलत्याच फाइली जातात. अशाच उणिवेमुळे जानेवारी २०२२ मध्ये रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं फोल्डर काढणारं फंक्शन दुरुस्त करावं लागलं. सीमध्ये यावर उपाय आहे: सिमलिंकमागे न जाता फोल्डर उघडा आणि त्याचा डिस्क्रिप्टर देऊन ‘अनलिंकअ‍ॅट’ वापरा.

आणि कितीही घाई असली तरी ‘सिस्टिम’ फंक्शनमधून ‘आरएम आरएफ’ चालवू नका. फाइलच्या नावात अर्धविराम आला तर शेल पुढचा भाग स्वतंत्र कमांड म्हणून चालवतं. पाथचा एखादा भाग रिकामा राहिला तर काय होतं, हे जानेवारी २०१५ मध्ये स्टीमच्या लिनक्स आवृत्तीत दिसलं: स्क्रिप्टमधलं एक व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि साफसफाई थेट रूटपासून सुरू होऊन लोकांच्या खासगी फाइली गेल्या.

डेस्कटॉपवरची कचरापेटी ही वरची सोय आहे. अनलिंकला तिचा पत्ताही नसतो. म्हणून फाइल काढणारी प्रत्येक ओळ दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, आधी फक्त नावं छापून पाहा आणि बॅकअप परत आणता येतो याची खात्री करा. त्यानंतरच तो कोड सर्व्हरवर जाऊ द्या.