दुधाचा दर पडतो तेव्हा

राज्य सरकारने जुलै 2023 मध्ये गायीच्या दुधाला किमान 34 रुपये दर ठरवून दिला. दिवाळी सरेपर्यंत अनेक गावांत तो 26-27 रुपयांवर आला. मग जानेवारी 2024 मध्ये लिटरला 5 रुपये अनुदान द्यावे लागले आणि ऑक्टोबरपासून संघांचे 28 व सरकारचे 7 असे 35 रुपयांचे गणित मांडले गेले. या काळात ज्यांनी गोठा टिकवला, त्यांना जाहीर झालेला दर आणि बिलात पडलेला दर यांतले अंतर नीट कळले आहे. उसासारखी एफआरपी दुधालाही हवी ही मागणी रास्त आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. तोवर गोठ्यात आणि संकलन केंद्रावर काय करता येईल, ते इथे सांगतो.

आधी दर का पडतो ते समजून घ्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पुष्टकाळ. वैरण मुबलक, हवा थंड, गायी भरभरून देतात. शहरात पिशवीतून खपून उरलेल्या दुधाची पावडर आणि बटर होते. 100 लिटर गायीच्या दुधातून साधारण 9 किलो पावडर आणि चार किलोंहून थोडे अधिक बटर निघते. म्हणजे पावडर किलोमागे 100 रुपयांनी उतरली, तर त्या 100 लिटरमागे 900 रुपये गेले, लिटरला 9 रुपये. हा फटका शेवटी तुमच्या बिलातून वसूल होतो. म्हणून पेपरात दुधाच्या दराआधी पावडरचा भाव बघत चला. तो सलग उतरत असेल तर नवी गाय घेऊ नका, गोठ्यासाठी कर्ज काढू नका.

आता संकलन केंद्राची पावती हातात घ्या. दर बहुधा 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला जाहीर होतो. त्याखाली प्रत्येक पॉइंटला किती कपात, हे दरपत्रकात असते आणि खरी गोम तिथेच आहे. समजा तुमचे दूध 8.2 एसएनएफ लागले, म्हणजे तीन पॉइंट कमी. पॉइंटला 30 पैसे कपात असेल तर लिटरला 90 पैसे गेले. 1 रुपया असेल तर 3 रुपये. जाहीर दर दोन्हीकडे तोच. त्यामुळे दोन डेअऱ्यांची तुलना करताना वरचा आकडा बघू नका. दोघांचे पूर्ण दरपत्रक लेखी मागा आणि आपल्या दुधाच्या नेहमीच्या फॅट-एसएनएफला कोण किती देतो ते काढा.

मापाकडेही असेच बघा. काटा 10 मिलीपर्यंत दाखवतो की 100 मिलीपर्यंतच? 100 मिलीच्या काट्यावर वरचे दूध धरलेच जात नसेल, तर एका पाळीला 90 मिलीपर्यंत दूध फुकट जाते. दोन पाळ्या, तीस दिवस धरले तर महिन्याला जास्तीत जास्त 5.4 लिटर, सरासरी त्याच्या निम्मे. एका घराला हे किरकोळ वाटेल. पण 200 उत्पादकांच्या केंद्रावर महिन्याला पाचशे लिटरच्या पुढे जाते. काट्यावर वैधमापन विभागाचा त्या वर्षीचा शिक्का आहे का, ते पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळलेले असले पाहिजे, कारण साय वर येते. लॅक्टोमीटर लावत असतील तर दूध कोमट नसावे; कोमट दुधात डिग्री कमी दिसते. शंका आली तर एकाच दुधाचे दोन नमुने घ्या, एक केंद्रावर आणि दुसरा त्याच दिवशी बर्फात ठेवून दुसरीकडे तपासा. फॅटसाठी गर्बर पद्धतीची मागणी करा. ती जुनी असली तरी मशीनचा वाद तिनेच मिटतो.

दूध खरोखरच कमी लागत असेल तर कारण गव्हाणीत शोधा. फॅट कमी लागले की बहुधा कोरडी वैरण कमी पडलेली असते किंवा कुट्टी फार बारीक झालेली असते. एसएनएफ घसरले तर खुराक अपुरा आहे किंवा कासदाह दबा धरून आहे. शेवटच्या धारा कासेत सोडू नका, सगळ्यात जास्त फॅट त्यांतच असते.

यापुढचे काम वहीचे. एक लिटर दूध आपल्याला कितीला पडते हे बहुतेक घरांत कुणी काढलेलेच नसते आणि काढले तरी फक्त दुभत्या गायीचा खर्च धरतात. चार गायींचा गोठा घ्या. तीन दुभत्या, प्रत्येकी 14 लिटर, म्हणजे दिवसाला 42 लिटर. शरीर राखायला दीड किलो आणि लिटरमागे 400 ग्रॅम असा खुराक धरला तर एका गायीला साधारण 7 किलो. पेंड 32 रुपये किलो धरा (तुमच्या गावचा भाव घाला), 224 रुपये झाले. वैरणीचे 100 धरले तर गायीमागे 324 आणि तिघींचे 972. लिटरला 23 रुपये पडले. चौथी भाकड आहे, तिला रोज 150 लागतात. तेही 42 लिटरवरच बसतात आणि लिटर जवळपास 27 रुपयांवर जाते. 28 रुपये दरात उरला सव्वा रुपया. त्यात डॉक्टर, औषधे, कर्जाचे व्याज आणि घरातल्या बाईने पहाटे उठून केलेली मेहनत बसवायची! अनुदानाचे पाच-सात रुपये म्हणजे तिची मजुरी होती.

या हिशेबातून एक गोष्ट उघड होते. भाकड दिवस कमी करणे हे दूध वाढवण्याइतकेच मोलाचे आहे. व्याल्यानंतर तिसऱ्या महिन्यात गाय गाभण राहिली पाहिजे. माज चुकू देऊ नका, तारीख भिंतीवर लिहा, दोनदा उलटली तर डॉक्टरांना दाखवा. पाण्याची खात्री असेल तर एक-दोन गायी मे-जूनमध्ये भरवा. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यातील आणि उन्हाळ्यात दूध टंचाईचा दर त्यांना मिळेल. मात्र संकरित गायीला ऊन सोसत नाही, तेव्हा सावली आणि भरपूर पाणी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

वैरणीची तजवीज दर पडायच्या आधी करायची असते. गायीला रोज 20 किलो धरला तर चार महिन्यांना 2400 किलो मुरघास लागतो. चार गायींना दहा टन. चांगला मका एकरी 15 टनांच्या आसपास हिरवा चारा देतो, म्हणजे पाऊण एकरात भागते. दाणा चिकात असताना कापा, कुट्टी करा, थर दाबून दाबून हवा काढा आणि 45 दिवस उघडू नका. नुसत्या उसाच्या वाढ्यावर उन्हाळा काढणाऱ्या गोठ्यात गाय आटते आणि पुढचा माजही लांबतो.

पेंडीचे गणित मात्र गावाबाहेर ठरते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली, इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली आणि पशुखाद्य महागले. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून उरलेला चोथा, डीडीजीएस, आता बाजारात स्वस्त मिळतो. तो थोड्या प्रमाणात चालतो, पण पोत्यावर प्रथिने आणि ओलावा छापलेला असेल तरच घ्या. बुरशीचा वास आला तर परत करा. बुरशीचे विष गायीच्या पोटातून दुधात उतरते आणि ते दूध कुणाचे तरी मूल पिते.

दर पडला म्हणून कालवडी विकण्याची घाई करू नका. आज जन्मलेली कालवड दुधात यायला अडीच-तीन वर्षे लागतात. मंदीत गावोगावच्या कालवडी गेल्या की काही वर्षांनी दुधाची टंचाई होते. तेव्हा दर चढतो, पण आपल्या गोठ्यात गाय नसते. विकायचीच तर वारंवार उलटणारी, जुनाट कासदाहाची गाय आधी विका. आणि डेअरीला घालण्याआधी घरातल्या लेकरांचे दूध बाजूला काढा. सगळे दूध किटलीत जाते आणि पोरे काळ्या चहावर शाळेत जातात, अशी घरे आजही आहेत.

अनुदानाची वेळ आली की कागद शोधत बसू नका. 2024 मध्ये कानात बिल्ला आणि नोंद नसलेल्या जनावरांच्या दुधावर पैसे मिळण्यात अडचण आली. बारा अंकी टॅग, मालकाचे नाव, आधार जोडलेले बँक खाते तपासून ठेवा. गाय विकली किंवा घेतली की नोंद लगेच बदलून घ्या.

शेवटचे काम एकट्याने होणारे नाही. संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जा आणि दहा-बारा उत्पादकांनी मिळून लेखी विचारा: पॉइंटची कपात किती आणि का, मशीन शेवटची कधी तपासली, पुष्टकाळात किती दूध पावडरीला गेले, वर्षाअखेरीचा दर फरक कोणत्या हिशेबाने निघाला. उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागा.