गिटारचे अनेक आवाज : एक विवर्धक, तीन चॅनेल

विवर्धकाचे (अ‍ॅम्प्लिफायरचे) काम कोणते? आपण उत्तर देऊ : लहान विद्युत्-संदेश मोठा करणे, पण त्याचे रूप मुळीच न बदलणे. रूप बदलले तर त्याला 'विरूपण' म्हणतात आणि रेडिओत किंवा सभेच्या ध्वनिक्षेपकात तो दोषच मानला जातो. मात्र विद्युत् गिटारच्या विवर्धकात हाच दोष हवा तेवढा मुद्दाम निर्माण केला जातो. म्हणूनच त्याच गिटारमधून कधी घंटेसारखा निर्मळ, तर कधी खरखरीत आणि लांबत जाणारा स्वर निघतो. हे कसे घडते ते पाहू.

तारेपासून नळीपर्यंत

विद्युत् गिटारच्या तारा पोलादी असतात. त्यांच्या खाली लोहचुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेले वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. तार कंप पावली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅराडेने १८३१ मध्ये शोधलेल्या प्रवर्तनामुळे वेटोळ्यात अल्प विद्युत्-दाब निर्माण होतो.

गिटारची पाचवी तार सेकंदाला ११० कंपने करते. तिच्यासोबत २२०, ३३०, ४४०, ५५० अशा कंपनसंख्यांचे अधिस्वरही उमटतात. ११० हा षड्ज मानला, तर २२० हा तार षड्ज, ३३० हा त्यावरचा पंचम आणि ५५० हा आणखी वरच्या सप्तकातील गंधार होय. या अधिस्वरांचे प्रमाण बदलले की नादाची जात बदलते; उंची तीच राहते.

माथा कापलेली लहर

ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये निर्वात नळीत ऋणाग्र व धनाग्र यांच्यामध्ये तारेची जाळी बसवली. जाळी अधिक ऋण केली की धनाग्राकडे जाणारे इलेक्ट्रॉन कमी होतात, कमी ऋण केली की वाढतात. जाळीवरील लहानशा बदलाने धनाग्राकडील मोठा बदल घडतो, हेच विवर्धन.

गिटारच्या विवर्धकात '१२ एएक्स ७' ही नळी फार वापरली जाते. तिच्या एका काचेत असे दोन ट्रायोड असतात. संदेश नसताना जाळी ऋणाग्राच्या मानाने सुमारे १.५ व्होल्ट ऋण असते असे समजा. येणाऱ्या संदेशाने जाळी धन होऊ लागली, तर ती स्वतःच इलेक्ट्रॉन ओढून घेते व तिचा दाब फारसा वर चढत नाही. उलट ती फार ऋण झाली, तर प्रवाहच थांबतो. दोन्ही वेळा लहरीचा माथा सपाट होतो.

आता एक हिशेब करू. पिकअपकडून ०.०५ व्होल्टची लहर आली आणि पहिल्या ट्रायोडने ती ६० पट वाढवली, तर ३ व्होल्ट होतात. 'गेन'चे बटण एक-दशांशावर ठेवले, तर दुसऱ्या ट्रायोडला ०.३ व्होल्ट मिळतात व लहर जशीच्या तशी वाढते. बटण पूर्ण फिरवले, तर ३ व्होल्ट मिळतात, १.५ व्होल्टची मर्यादा ओलांडली जाते आणि माथा कापला जातो. दोन्ही माथे सारखेच कापले गेले, तर शुद्ध लहरीत तिसरा, पाचवा, सातवा असे विषम अधिस्वर मिसळतात. कमी-जास्त कापले गेले, तर दुसरा, चौथा असे समही येतात.

चॅनेल कशासाठी?

जुन्या विवर्धकांत बहुधा आवाजाचेच बटण असे. त्यामुळे खरखर हवी असेल, तर कान किटवणारा आवाज सोसावा लागे. १९६४ मध्ये 'द किंक्स' या इंग्लिश वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिसने तर लहान विवर्धकाच्या स्पीकरचा कागदी पडदाच पात्याने चिरला! पुढे १९७० नंतर कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ याने विवर्धनाचे जादा टप्पे एकापुढे एक जोडून त्यांच्यामध्ये स्वतंत्र नियंत्रणे ठेवली. माथा किती कापायचा हे 'गेन' ठरवते, ऐकू किती यायचे हे 'मास्टर'. आता कमी आवाजातही खरखर मिळू लागली.

तीन चॅनेलच्या विवर्धकात सामान्यतः अशी मांडणी असते :

१. क्लीन – टप्पे कमी. गेन कमी व मास्टर जास्त ठेवावा.

२. क्रंच – गेन मध्यम. तार हळू छेडली तर स्वर निर्मळ, जोराने छेडली तर खरखरीत.

३. लीड – टप्पे अधिक, गेन जास्त, मास्टर कमी. तारेचे कंपन मंदावले तरी लहर मर्यादेपर्यंत पोचतच राहते, म्हणून स्वर लांबतो.

'बास', 'मिडल' व 'ट्रेबल' ही बटणे रोधक आणि धारित्र यांच्या जोडण्या बदलतात. कंपनसंख्या जितकी जास्त, तितका धारित्राचा विरोध कमी. त्यावरून खर्ज आणि तीव्र स्वर वेगळे काढता येतात. लीड चॅनेलवर बास थोडा कमी ठेवल्यास स्वर गढूळ होत नाही.

दोनच स्वर का?

विरूपण झालेल्या विवर्धकात दोन स्वर एकदम गेले, की त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही तयार होतात. ११० व १६५, म्हणजे षड्ज-पंचम, यांतून ५५ व २७५ निघतात. हे सारे ५५ च्याच पटीत आहेत, म्हणून जमतात. पण षड्ज-गंधार, म्हणजे ११० व १३७.५, यांतून २७.५ ची घरघर निघते. जास्त गेनवर वादक बहुधा षड्ज-पंचमाची जोडीच का वाजवतात, हे आता ध्यानात येईल.

एक सूचना : अशा विवर्धकात ३०० व्होल्टहून अधिक दाब असू शकतो आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत तो साठून राहतो. पेटी कधीही उघडू नका.

करून पाहा

आलेख-कागदावर य = साइन क्ष + (१/३) साइन ३क्ष + (१/५) साइन ५क्ष हा आलेख ० ते ३६० अंशांपर्यंत काढा. ३०, ४५, ६० व ९० अंशांना किमती सुमारे ०.९३, ०.८०, ०.६९ व ०.८७ येतील. गोल माथा जाऊन जवळजवळ सपाट पठार दिसेल. तीन निर्मळ लहरींच्या बेरजेतून माथा कापलेली लहर तयार झाली! मग सातवे व नववे पद मिळवा आणि पठार कसे बदलते ते पाहा.