निर्यातीचा ताजा माल आणि शीतगृहाची जबाबदारी

मुळा-मुठेच्या काठचे खराडी हे एकेकाळी हवेली तालुक्यातील शेतीवर जगणारे गाव होते. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि तेथील शिवारावर माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. शेती गेली, तथापि शेतमालाशी असलेला या परिसराचा संबंध तुटलेला नाही. नगर रस्त्याने पुण्याच्या बाजाराकडे येणारा माल खराडीवरूनच पुढे जातो. नदीपलीकडे मांजरी येथे त्याच १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र असून, निर्यातीच्या द्राक्षांतील कीडनाशकांच्या उर्वरित अंशांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांना मार्गदर्शन करणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा या केंद्रात आहे.

वेलीवरून उतरलेले फळ परदेशातील ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत बागायतदार, पॅकहाऊस, शीतगृह, वाहतूकदार, बंदर आणि आयातदार अशा अनेकांच्या ताब्यातून जाते. एवढ्या प्रवासानंतर माल दूषित ठरला, तर त्याची भरपाई कोणी करावयाची? विशेषतः ज्याच्या थंड खोलीत तो माल काही काळ राहिला, त्या शीतगृहचालकाची जबाबदारी किती? या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

२०१० चा धडा

२०१० च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळले. बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणून ओळखतात तेच हे द्रव्य. छाटणीनंतर वेलीची अवाजवी वाढ रोखण्यासाठी ते वापरले जात असे. युरोपीय संघाच्या मर्यादेपेक्षा अंश अधिक आढळल्याने कंटेनर अडकून पडले, आणि नाशिक-सांगलीकडील बागायतदारांना व निर्यातदारांना मोठी झळ सोसावी लागली.

वास्तविक त्यापूर्वी काहीच व्यवस्था नव्हती असे नाही. २००३ साली नेदरलँड्समध्ये अशाच कारणावरून भारतीय द्राक्षे अडचणीत आल्यानंतर उर्वरित अंश संनियंत्रणाची योजना सुरू झाली होती. पुढे २००६ साली ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली आणून प्रत्येक नोंदणीकृत बागेचा माल पेटीपर्यंत ओळखता येईल अशी सोय केली. परंतु तपासणीच्या यादीत हे एक द्रव्य नव्हते.

या प्रकरणात दोष बागेत शिरला होता, शीतगृहात नव्हे. वेलीतून फळात उतरलेला अंश थंड खोलीमुळे वाढत नाही आणि नाहीसाही होत नाही. म्हणून जबाबदारीचा विचार करताना पहिला प्रश्न ‘माल कोणाचा?’ हा नसून ‘दोष कोणत्या टप्प्यावर शिरला?’ हा असला पाहिजे.

शीतगृहात शिरणारे दोष

काही दोष मात्र निःसंशय साठवणुकीतलेच असतात. द्राक्षे काढणीनंतर काही तासांतच पूर्वशीतकरण करून सुमारे शून्य अंश सेल्सिअस तापमानात आणि ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवावी लागतात. शेतातील उष्णता काढून न टाकताच माल थंड खोलीत रचला, तर फळावर पाणी धरते आणि बुरशी व जिवाणूंना वाव मिळतो. अमोनियाची गळती, छतावरून ठिबकणारे पाणी, न धुतलेले क्रेट ही आणखी काही कारणे होत. स्वच्छतेचे साधनही कधी दोषाचे कारण बनते. पृष्ठभाग धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही जंतुनाशकांचे अंश २०१२ मध्ये युरोपातील फळांत व इतर अन्नपदार्थांत आढळले आणि पुढे त्यांच्यासाठीही मर्यादा ठरविण्यात आली.

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. २०११ साली कोलोरॅडो राज्यातील जेन्सेन फार्म्सच्या खरबुजांतून लिस्टेरिया जिवाणूचा प्रादुर्भाव झाला. २८ राज्यांत १४७ जण आजारी पडले व ३३ जण दगावले. शासकीय तपासात पॅकहाऊसमधील साचलेले पाणी, नीट धुता न येणारी यंत्रे आणि शीतगृहात ठेवण्यापूर्वी पूर्वशीतकरण न करणे या उणिवा पुढे आल्या. विशेष म्हणजे त्याच उन्हाळ्यात एका खाजगी तपासनिसाने या पॅकहाऊसला उत्तम शेरा दिला होता. दोघा मालक बंधूंनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २०१४ साली त्यांना पाच वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र ही काळजी घेतल्याची खूण नव्हे, हा याचा बोध.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडे या विषयाचा मूळ आधार म्हणजे भारतीय करार अधिनियम, १८७२. दुसऱ्याचा माल काही हेतूने ताब्यात घेऊन काम संपल्यावर परत करण्याच्या व्यवहाराविषयी त्यात कलम १४८ पासून तरतुदी आहेत. कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणपणाचा माणूस तशाच परिस्थितीत आपल्या स्वतःच्या तेवढ्याच व तशाच मालाची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ त्याला नुकसानीतून मुक्त करते. मालकाच्या संमतीवाचून त्याचा माल दुसऱ्या मालात मिसळला आणि तो वेगळा करता आला नाही, तर कलम १५७ प्रमाणे भरपाई द्यावी लागते. निर्यातीच्या मालात या कलमाचे महत्त्व मोठे आहे. कारण अंशमुक्त बागेच्या पेट्या दुसऱ्या बागेच्या पेट्यांत मिसळल्या की निर्दोष माल सिद्ध करणेच अशक्य होते.

ही जबाबदारी एकतर्फी नाही. सोपविलेल्या मालातील माहीत असलेला दोष सांगणे कलम १५० अन्वये मालकाचे कर्तव्य आहे. फवारणीची खरी तारीख लपविणारा बागायतदार शीतगृहाला दोष देऊ शकत नाही.

वखार (विकास व विनियमन) अधिनियम, २००७ हा २०१० मध्ये अमलात आला. त्यातही दक्ष मालकाप्रमाणे काळजी घेण्याचे बंधन आहे. परंतु परक्राम्य वखार पावती देणाऱ्या वखारींनाच त्याखालील नोंदणी आवश्यक असल्याने इतर शीतगृहांचा विचार करार अधिनियमानेच करावा लागतो. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या दृष्टीने साठवणूक हाही अन्नव्यवसायच होय. शेताच्या पातळीवरील शेतकरी मात्र त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. निर्यातीच्या मालाला याखेरीज आयात करणाऱ्या देशाची मानके लागू होतात.

पुराव्याचा प्रश्न

कायदा असा स्पष्ट असूनही प्रत्यक्षात नुकसान बहुधा बागायतदाराच्या पदरी का पडते? माल परत आला की आयातदार निर्यातदाराकडून वसूल करतो, निर्यातदार बागायतदाराच्या रकमेतून कापतो आणि साखळी तेथे थांबते. कारण पुढील प्रत्येकाकडे काही ना काही कागद असतो. शेतकऱ्याकडे पुष्कळदा केवळ वजनाची चिठ्ठी असते.

माल सुस्थितीत सोपविला होता आणि तो सांभाळणाऱ्याच्या ताब्यात असताना बिघडला असे दिसून आल्यास, आपण योग्य काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार सांभाळणाऱ्यावर येतो, असा न्यायालयांचा सर्वसाधारण दृष्टिकोन आहे. परंतु ‘सुस्थितीत सोपविला होता’ ही पहिली पायरी मालकालाच चढावी लागते, आणि ती कागदावाचून चढता येत नाही. युरोपीय संघात २००५ पासून प्रत्येक व्यावसायिकाला माल कोणाकडून आला व कोणाकडे गेला याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. ही शिस्त शेताच्या बांधापर्यंत आली पाहिजे.

गावपातळीवर काय करता येईल?

माल शीतगृहात देताना पावतीवर बागेचा नोंदणी क्रमांक, पेट्यांची संख्या, पोहोचल्याची वेळ, फळाचे तापमान व बाह्य स्थिती यांची नोंद करून घ्यावी. प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत सोबत जोडावी. माल बाहेर काढताना खोलीच्या तापमानाच्या नोंदींचा उतारा मागावा. ‘माल मालकाच्या जोखमीवर’ अशी छापील अट असल्यास ती वाचल्यावाचून सही करू नये. विमा आहे काय आणि तो साठविलेल्या मालाला लागू आहे काय, हेही विचारावे. कर्नाटकातील एका शीतगृहाला लागलेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली माल ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना विम्याचे लाभार्थी मानून भरपाईचा हक्क मान्य केला, हे या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ग्रामपंचायतींना असा पावतीचा नमुना मराठीत तयार करून चावडीवर लावता येईल. कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांनी फवारणीच्या नोंदवहीबरोबरच सोपवणुकीच्या पावतीकडेही लक्ष द्यावे. शिक्षकांनी वरच्या वर्गांत एखादी खरी पावती वाचून दाखविली, तर घरोघरी तिचे महत्त्व पोहोचेल.

शीतगृहचालकांनाही यात तोटा नाही. ज्याने तापमान नोंदविले, पेट्या वेगळ्या ठेवल्या आणि क्रेट धुतल्याची तारीख लिहिली, त्याला दुसऱ्याच्या चुकीचा दंड भरावा लागत नाही. नोंद ही दोघांचीही ढाल आहे. वर्षभर वेलीला जपणाऱ्याच्या हाती निदान तेवढी ढाल असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.