सकाळची प्रार्थना आणि हातातला मोबाइल

मंडळी, आपल्या सातपुड्यात मोहाची फुले रात्री गळतात. म्हणून मोहाच्या दिवसांत बायामाणसे अंधारातच टोपली घेऊन झाडाखाली जातात. उशीर झाला, तर गुरे फुले खाऊन टाकतात. पहाटेचा वेळही तसाच आहे. आपण उचलला नाही, तर दुसरा कोणी उचलतो.

आता घरात काय चालते ते बघा. डोळा उघडला की हात उशाशी जातो. उशाशी मोबाइल असतो. कोणी काय पाठवले ते बघायचे. मग एक नाच, मग कुणाचे भांडण, मग कुठली तरी बातमी. इकडे चूल पेटते. पोर येऊन काही विचारते. बाप नुसता ‘हूं’ म्हणतो, मान वर करत नाही. उठल्याबरोबर देवाचे नाव घ्यायची म्हाताऱ्यांची रीत होती. तिला आता जागाच उरली नाही.

‘गुरुजी, पाचच मिनिटं बघतो,’ असे लोक म्हणतात. पण ती पाच मिनिटे संपत का नाहीत? पुस्तकाचे पान संपते. पेपर संपतो. मोबाइलवर मात्र बोट वर सरकवले की खालून नवे येतच राहते. ही युक्ती २००६ साली आझा रास्किन नावाच्या अमेरिकेतल्या एका माणसाने काढली. पुढे त्यालाच तिचे वाईट वाटले आणि तसे त्याने लोकांसमोर सांगितले. ज्याला शेवटच नाही, ते ‘संपल्यावर ठेवीन’ म्हणून कसे चालेल? आधीच बाजूला ठेवले पाहिजे.

इथे धडगाव भागातली एक खरी अडचण आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. आपली कितीतरी माणसे मजुरीला गुजरातेत जातात. पोरगा तिकडे, आईबाप इकडे. त्याचा फोन कधी येईल सांगता येत नाही. मग मोबाइल दूर ठेवायचा कसा? त्याला सोपा उपाय आहे. रात्री झोपताना मोबाइल पिशवीत घाला आणि पिशवी खुंटीला टांगा. घंटी मोठी ठेवा. पोराचा फोन आला तर ऐकू येईल, उठून घ्या. फोन ऐकायचा आहे, बघायचा नाही. एवढा फरक घरात सगळ्यांना समजावून सांगा. उठण्यासाठी मोबाइलचा गजर लागत असेल, तर गजराचे साधे घड्याळ आणा. गजर बंद करायला म्हणून हात जातो आणि अर्धा तास तिथेच अडकतो.

काही जण म्हणतात, ‘आम्ही मोबाइलवरच भजन लावतो, मग झालं की!’ भजन चांगलेच आहे. पण ते संपले की मागोमाग जाहिरात येते, नाहीतर सिनेमाचे गाणे लागते. मन देवाकडून निघून बाजारात जाते. शिवाय भजन मोबाइल म्हणतो, आपण नुसते ऐकतो. आपल्या तोंडाने म्हणावे, सूर वेडावाकडा असला तरी.

मोबाइल ठेवला. आता करायचे काय? तोंड धुवावे, दाराशी किंवा देवाजवळ बसावे. याहा मोगी असो, विठोबा असो, अल्ला असो, येशू असो, ज्याला जो देव जवळचा त्याने त्याला आठवावे. काही न बोलता बसले तरी चालते. विनोबा भाव्यांनी यावर फार विचार केला होता. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी ते कैद्यांना गीता समजावून सांगत आणि साने गुरुजी ती लिहून घेत. त्याचीच पुढे ‘गीता प्रवचने’ झाली. १९५१ पासून विनोबा भूदानासाठी गावोगाव पायी हिंडले. त्या काळात ते सभेतल्या लोकांना काही वेळ मुकाट बसायला सांगत. शब्द आले की हा माझा, तो तुझा असे होते. मौनात सगळ्या धर्मांची माणसे एकत्र बसू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते.

सुरुवातीला मन बसत नाही. मोबाइलकडे धावते, उसनवारीकडे धावते, आजारी बैलाकडे धावते. धावू द्या. पुन्हा बोलावून आणा. पहिल्या दिवशी दहा मिनिटे बसलात तरी पुष्कळ.

एकट्याने हे टिकवणे मात्र जड जाते. आपल्याच भागातले बघा. तळोद्याकडच्या मोरवडला संत गुलाम महाराज होऊन गेले. रोज अंघोळ करा, दारू सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने हाक मारा, असे ते सांगत. त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत. १९३८ साली ते वारले. त्यांच्यामागे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ते काम चालवले. एकट्याला जी बाटली सुटत नव्हती, ती आरतीला जमलेल्या माणसांत बसून कितीकांची सुटली.

आता दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावचे. करोनाच्या साथीत शाळा मोबाइलवर भरली, आणि शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातून मोबाइल सुटेना. तेव्हा गावाने २०२२ साली ठरवले की संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद. ८.३० ला पुन्हा भोंगा, मग मोकळीक. तेवढ्या वेळात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. आधी लोक हसले. मग शिक्षक, अंगणवाडीच्या बाया, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या, आणि लोकांना पटले. आईबापांनी आपला मोबाइल चालू ठेवून पोराला ‘अभ्यास कर’ म्हणायचे, असे तिथे ठेवले नाही. मला तर त्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

त्यांनी संध्याकाळ निवडली. आपल्या पाड्यावर पहाट निवडता येईल. भोंगा नसला तरी ढोल आहे, कोंबडा आहे.

वर्गात बोला :

१. तुमच्या घरी सकाळी सगळ्यांत आधी मोबाइल कोण हातात घेतो?

२. बाहेरगावी गेलेल्या माणसाचा फोन चुकू नये आणि प्रार्थनाही मोडू नये, यासाठी तुमच्या घरी मोबाइल कुठे ठेवाल?

३. तुमच्या आजोबा-आजी सकाळी देवाला काय म्हणत? आठवत असेल तर वहीत लिहा. आठवत नसेल तर आज घरी जाऊन विचारा.