मेणबत्ती आणि हिवतापाचा जंतू

हिवताप डासामुळे येतो, हे आपणांस ठाऊक आहेच. पण डास नुसता हमाल! खरा चोर म्हणजे त्याने आणलेला जंतू. तो रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो. आतच खातो, एकाचे अनेक होतात, आणि पेशी फोडून बाहेर पडतात.

असला जंतू मुद्दाम कोण वाढवील? आम्हांलाही आधी नवलच वाटले. पण औषध लागू पडते की नाही, हे पाहायला जंतू हाताशी नको का? दर वेळी तापकऱ्याचे रक्त कुठून आणायचे? आणि शरीराबाहेर तर हा जंतू थोडे दिवस जगे नि मरे.

१९७६ साली न्यूयॉर्क शहरात ट्रेगर आणि जेन्सन या शास्त्रज्ञांनी वाट काढली. काचेच्या बशीत माणसाच्या तांबड्या पेशी घेतल्या. त्यांत पोषक पाणी घातले. बशी बरणीत ठेवली, शेजारी मेणबत्ती लावली, आणि ज्योत विझता विझता झाकण घट्ट बसवले. जळताना ज्योत बराच प्राणवायू खाते. या जंतूला कमी प्राणवायूच मानवतो! मग अंगाइतकी ऊब दिली. पाणी रोज बदलले. मधून मधून ताज्या पेशी घातल्या. जंतू वाढतच राहिला. एवढ्या मोठ्या कामाला साधी मेणबत्ती!

हा जंतू फाल्सिपेरम जातीचा, सगळ्यांत जीवघेणा. आता नवे औषध आधी बशीतल्या जंतूवर घालून पाहतात. जुने औषध कुठे निकामी होत चालले, तेही तिथेच कळते.

आपल्याकडे आढळणारी दुसरी जात व्हायव्हॅक्स. ती मात्र अजून अशी कायमची वाढवता आलेली नाही. तिला अगदी कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात, आणि त्या रक्तात शंभरांत एखाद-दुसरीच असतात.