बुजलेल्या विहिरी पुन्हां खणणें

(वाचावयाचे भाग : उत्पत्ति २६:१२–२२, दानीएल ९:१–१९, स्तोत्र १३)



इसहाक गरारच्या खोऱ्यांत जाऊन राहिला, तेव्हां त्याचा बाप अब्राहाम ह्याच्या वेळच्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविलेल्या होत्या. इसहाकानें त्याच विहिरी पुन्हां खणिल्या व बापानें ठेविलेलीं नांवेंच त्यांस दिलीं.

आमच्यापैकीं पुष्कळांच्या प्रार्थनेची विहीर अशीच बुजलेली असते. बाप्तिस्मा झाला त्या दिवसांत पाणी काठोकाठ होतें. पुढें कर्ज, दुखणें, भाऊबंदांचा अबोला, पावसाची चिंता, अशी एकेक टोपलें माती आंत पडत गेली. आतां तोंडांतून नेहमींचे शब्द निघतात, पण मन गोठ्यांत किंवा सावकाराच्या दारीं असतें. उपदेशकहि ह्यांतून सुटत नाहीं. रविवारीं मंडळीसाठीं प्रार्थना करणारा सोमवारीं आपल्या घरीं गुडघे टेकतो, आणि त्यास एक शब्दहि सुचत नाहीं. लाजेनें तो हें कोणास सांगत नाहीं. आम्हीहि ह्यांतून गेलों आहों. त्या वेळीं आम्ही अधिक मोठ्यानें व अधिक वेळ बोलून पाहिलें, परंतु त्यानें मनाचा कोरडेपणा गेला नाहीं. आमची चूक ही कीं, आम्ही देवाशीं बोलत होतों, पण त्याचें ऐकत नव्हतों.

इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं अनाथ मुलांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) हे प्रार्थनाशील पुरुष म्हणून प्रसिद्ध आहेत. सकाळीं उठून प्रथम प्रार्थनेस लागावें, असा त्यांचा निदान दहा वर्षांचा नेम होता. तरी पुष्कळदां पहिलीं दहा मिनिटें, पाव तास, कधीं अर्धा तासहि मन भटकण्यांत जाई. १८४१ सालीं त्यांनीं आपला बदललेला क्रम लिहून ठेविला. आधीं शास्त्राचा थोडा भाग घेऊन त्याचें मनन करावें, म्हणजे त्यांतूनच पापाची कबुली, उपकारस्तुति किंवा विनंती निघते, असें त्यांस आढळून आलें.

हा क्रम शास्त्रांतलाच आहे. दानीएलानें यिर्मयाचा ग्रंथ वाचला व यरुशलेमेच्या ओसाडीचीं ७० वर्षें त्याच्या ध्यानांत आलीं. तेव्हां तो स्वस्थ बसला नाहीं. उपास करून व गोणपाट नेसून त्यानें देवाकडे तोंड फिरविलें. वचन आधीं आलें. प्रार्थना हें त्याचें उत्तर होतें. पेत्र व योहान सुटून आले, तेव्हां मंडळीनें दुसऱ्या स्तोत्राचे शब्द घेऊन प्रार्थना केली (प्रे. कृ. ४). आणि वधस्तंभावर खुद्द प्रभूनें बाविसाव्या व एकतिसाव्या स्तोत्रांतील शब्दांनीं पित्यास हांक मारिली. मग वडिलांच्या विहिरीचें पाणी पिण्यास आम्हीं कां लाजावें?

आतां तेरावें स्तोत्र घ्या. त्याचीं वचनें सहाच आहेत. पहिल्या दोहोंत दावीद देवास चार वेळां विचारतो कीं, हें कोठवर चालणार? येथें थांबा व आपलें दुःख नांव घेऊन सांगा : मुलाचा ताप, फेडावयाचें कर्ज, जें असेल तें. पुढील दोहोंत तो डोळ्यांस तेज मागतो. तेथें आपणहि एकच गोष्ट मागावी. शेवटच्या दोहोंत तो देवाच्या दयेवर भरंवसा ठेवून गातो. तुमच्यानें अजून गाववत नसेल, तर खोटें बोलूं नका. "प्रभो, हें वचन माझ्या ओठांवर आहे, तें अंतःकरणांत तूं उतरीव," इतकेंच म्हणा. अठ्यायशींवें स्तोत्र तर अंधारांतच संपतें. तरी तेंहि देवानें आपल्या ग्रंथांत ठेविलें आहे. अशा मनुष्याचीहि प्रार्थना त्याच्या कानीं जाते.

ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांनीं संध्याकाळीं शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून एक वचन तीन वेळां वाचवून घ्यावें, आणि सकाळीं तेंच घेऊन शेतावर जावें. उपदेशकांनीं आठवड्यास एकच वचन शिकवावें. पुढल्या रविवारीं त्याचा अर्थ विचारण्याआधीं, त्या वचनानें तुम्ही कोणती प्रार्थना केली, हें विचारावें. मात्र स्वतः तें केल्यावांचून विचारूं नये.

पहिल्याच दिवशीं पाणी लागलें नाहीं, तर टोपलें टाकून देऊं नका. इसहाकाच्या चाकरांस एका विहिरीवर भांडण सोसावें लागलें, दुसरीवरहि लागलें. तरी ते खणीत राहिले. आणि पुढल्या विहिरीवर कोणी भांडलें नाहीं, म्हणून इसहाकानें तिचें नांव रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असें ठेविलें. आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं तेरावें स्तोत्र उघडा, आणि पहिल्या वचनापाशीं थांबून देवास उत्तर द्या.