चेन, बेल्ट आणि मागचे चाक : ताण किती ठेवावा?

पायमशीनचा चामडी पट्टा सैल झाला की खालचे चाक फिरते आणि सुई अडते, हे कारखान्यातल्या नवख्या पोरालाही समजते. पट्टा जास्त आवळला तर मशीन जड होते आणि संध्याकाळी पाय भरून येतात. मोटारसायकलच्या चेनचा आणि बेल्टचा हिशेब याहून फार वेगळा नाही. फरक एवढाच की मशीन जागेवर असते, तर गाडीचे मागचे चाक सारखे खाली-वर होत असते. सारी गफलत इथे होते.

मानखुर्द-गोवंडीकडचे आपले अनेक छोटे व्यापारी आणि कारागीर कापडाचे तागे, जरीचे पीस, तयार माल दुचाकीच्या मागच्या सीटवर बांधून नेतात. ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला मनाई आहे, म्हणून मंगळदास मार्केट गाठायचे तर खालचाच रस्ता, सिग्नल आणि पावसाळ्यात खड्डे. एकदा माझ्या गाडीची चेन रिकाम्या गाडीवर, डबल स्टँडवर, तारेसारखी ताणून मिळाली. आवाज बंद झाला म्हणून मी खूश! माल लादला की मात्र गाडी ओढत नसे. थोड्याच दिवसांत इंजिनाजवळचे बेअरिंग वाजू लागले आणि तेल गळू लागले. चेनसेट बदलायला लागला असता त्याहून जास्त खर्च या तसल्लीपायी झाला.

कारण असे. इंजिनाजवळचे छोटे स्प्रॉकेट, मागचे चाक धरणाऱ्या आर्मचा खिळा आणि चाकाचा एक्सल हे तीन बिंदू एका रेषेत येतात तेव्हा चेनला सर्वांत जास्त अंतर कापावे लागते. स्टँडवर एक्सल खाली लटकलेला असतो. वजन पडले की तो या रेषेकडे सरकतो आणि चेन आपोआप ताणली जाते. म्हणजे रिकाम्या गाडीत दिसणारी सैल हे ओझ्यासाठी राखून ठेवलेले अंतर आहे.

ती किती असावी? शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत खालच्या चेनचा मधला भाग बोटाने वर-खाली हलवला तर २० ते ३० मि.मी. खेळ हवा. पक्का आकडा आणि तो कोणत्या स्टँडवर मोजायचा हे गाडीच्या पुस्तकात असते, तेच प्रमाण मानावे. मोजताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रल. चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू ठेवून चेनजवळ बोट नेणाऱ्याची बोटे गेली आहेत. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथेच मोजावे. मग नेहमीचा माल लादून, कुणाला तरी गाडीवर बसवून पुन्हा बोट लावावे. तेव्हाही थोडा खेळ उरला पाहिजे.

ताण बदलायचा तर आधी एक्सलचा नट सैल करावा. काही गाड्यांत स्प्रॉकेटच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, तोही. मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा, सारखेच फिरवावे. एकच बाजू ओढली की चाक तिरपे बसते. गाडी एका अंगाला खेचते, टायर एका कडेला झिजतो आणि स्प्रॉकेटचे दात बाजूने घासले जातात.

दोन्ही बाजूंना कोरलेल्या खुणा जुळल्या म्हणजे चाक सरळ, असे कारागीर सांगतात. नव्या गाडीत ते बहुधा चालते. गाडी एकदा पडलेली असेल, आर्म वाकला असेल, तर खुणांवर भिस्त ठेवू नये. आपल्या धंद्यातला मजबूत दोरा इथे कामाला येतो. तो मागच्या टायरच्या मागून घेऊन, स्टँडला न अडकेल अशा उंचीवर दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणावा. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना दोरा टेकला पाहिजे. पुढचे टायर तितकेच रुंद असेल तर तिथेही टेकतो. अरुंद असेल तर दोन्ही बाजूंना सारखी फट दिसते. फट कमी-जास्त असेल तर चाक तिरपे आहे. मात्र हँडल अगदी सरळ धरायला एक माणूस हवा, नाहीतर दोरा खोटे बोलतो.

नट आवळल्यावर ताण पुन्हा मोजावा, कारण आवळताना चाक किंचित सरकते. नटात पिन असेल तर नवीन घालावी. आणि ड्रम ब्रेकच्या गाडीत एक गोष्ट हमखास राहून जाते: चाक मागे सरकले की ब्रेकची दांडी ताणली जाते, ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो. पॅडलचा खेळ पुन्हा बसवलाच पाहिजे. मागचे स्प्रॉकेट बघतानाच चेन पाठीमागे ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडत असेल तर आवळून उपयोग नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावी.

आता बेल्ट. हार्ले-डेव्हिडसनने तो १९८० साली आणला, तेव्हा आपल्याला त्याचे काय! पण २०१९ मध्ये आलेली रिव्होल्ट आरव्ही ४०० आणि एथरच्या विजेच्या स्कूटर बेल्टवरच चालतात, आणि माल पोचवणारी मुले त्या चालवताना दिसतात. हा दात्यांचा बेल्ट आहे, आतून मजबूत धाग्यांचा. बोटाच्या अंदाजाने त्याचा ताण ठरवू नये. हार्लेत खालच्या भागाच्या मध्यावर सुमारे साडेचार किलोच्या जोराने दाबून तो किती हलतो हे मापकाने पाहतात. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा. सैल राहिला तर जोर पडताच दात उडतात, घट्ट झाला तर बेअरिंग खातो. चाक तिरपे असेल तर बेल्ट पुलीच्या एकाच कडेला चढून घासतो. कडेचे धागे निघालेले दिसले की आधी चाक तपासावे. चेनला गिअर ऑइल लागते, बेल्टला तेल किंवा रॉकेल बिलकुल लावू नये, साबणाचे पाणी पुरे. काढताना तो दुमडू किंवा पिळू नये, आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. देवनारकडच्या रस्त्यावरचे खडे दातांत अडकतात, तेही हाताने काढून टाकावे.